पावसाच्या गाण्याचा धनी

‘सिंगिंग इन द रेन’मध्ये जीन केली प्रेयसीला दारापर्यंत सोडतो, थांबलेल्या गाडीवाल्याला हात करून पाठवून देतो आणि भर पावसात चालत निघतो. गाणं अजून सुरू झालेलं नसतं. तो नुसता गुणगुणत असतो, शब्द नसलेले काही सूर, पुढेमागे झुलणारे. मग कुठे मुखडा येतो. ज्यांना या गाण्याचा एकही शब्द धड येत नाही, त्यांनाही ती गुणगुण येते. गंमत अशी की मूळ गाण्यात ती नव्हतीच. आर्थर फ्रीडचे शब्द आणि नेसिओ हर्ब ब्राऊनची चाल १९२९ च्या चित्रपटातली. गुणगुण घातली रॉजर इडन्सने, १९५२ च्या चित्रपटासाठी. हा इडन्स निर्माता फ्रीडच्या हाताखाली काम करायचा. फ्रीडबद्दल मला जे म्हणायचंय ते जवळपास सगळं या गुणगुणीत आहे.

फ्रीडचा जन्म १८९४ चा, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचा. तरुणपणी तो शिकागोत गाणी खपवायचा. त्या काळात गाणं विकलं जायचं ते छापील स्वरलिपीच्या कागदावर, आणि कागद खपावा म्हणून प्रकाशक पियानोवर गाणं वाजवून दाखवणारी पोरं पगारावर ठेवत. गिऱ्हाईक कुठल्या ओळीला मान डोलावतं आणि कुठल्या ओळीला दाराकडे बघतं, हे त्या पोरांना रोज समोर दिसे. पुढे मार्क्स बंधूंबरोबर रंगमंचावर थोडी हजेरी, १९२३ मध्ये ‘आय क्राइड फॉर यू’ या गाण्याचं यश, आणि ब्राऊनशी जोडी. हा ब्राऊन कपडे शिवण्याच्या धंद्यातून जमिनीच्या व्यवहारात शिरलेला माणूस. चाली बांधणं हा आधी त्याचा फावल्या वेळचा उद्योग.

१९२९ मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने या जोडीची गाणी घेऊन ‘द ब्रॉडवे मेलडी’ काढला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. आज तो बघताना धीर लागतो. माइकच्या भीतीने नटनट्या जागच्या जागी खिळल्यासारखे उभे असतात. पण त्यातल्या ‘द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ या नृत्यगीतापाशी आपण भारतीय प्रेक्षकांनी क्षणभर थांबायला हवं. ते दृश्य पुन्हा चित्रित करायचं ठरलं, तेव्हा ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररने सुचवलं की वाद्यवृंद परत कशाला बोलवायचा, आधीचं ध्वनिमुद्रणच वाजवा आणि त्यावर नाचा. आधी गाणं मुद्रित करायचं आणि मग त्यावर चित्रण करायचं, ही पद्धत हॉलिवूडमध्ये रुजली ती अशा प्रयोगांतून. आपल्याकडे ‘धूप छाँव’मध्ये प्लेबॅक आला तो १९३५ साली. ज्या सोयीवर आपली अख्खी चित्रपटसृष्टी उभी आहे, तिच्या उगमापाशी फ्रीड-ब्राऊनचं एक साधं, जरा बाळबोधच गाणं आहे.

बाळबोध हा शब्द मी विचार करून वापरतोय. गीतकार म्हणून फ्रीडला कोल पोर्टरच्या किंवा लॉरेन्झ हार्टच्या पंगतीला बसवता येत नाही. पोर्टरची ओळ डोळा मारते, हार्टची ओळ हसता हसता जखम दाखवते. फ्रीडची ओळ सरळ चालत येते आणि सांगायचं ते सांगून निघून जाते. पाऊस, चांदणं, सकाळ, नशीब, तू आणि मी. यमकं पहिल्या फटक्यात सुचणारी. पण या साधेपणाचा एक फायदा होता. पोर्टरच्या गाण्यात दुसऱ्या कुणाला फारसं करायला जागाच उरत नाही. फ्रीडचं गाणं रिकाम्या खोलीसारखं. ‘गुड मॉर्निंग’ १९३९ मध्ये जूडी गार्लंड आणि मिकी रूनी यांनी म्हटलं तेव्हा ती किशोरवयीन मस्ती होती. तेरा वर्षांनी ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तेच गाणं रात्रभर जागलेल्या तिघांनी घरभर नाचून सोफा उलथवण्यापर्यंत नेलं.

आपल्या लेखणीची उंची फ्रीडला ठाऊक असावी, असं मला वाटतं. नाहीतर त्याने पुढे जे केलं ते केलं नसतं. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ला त्याचं नाव पडद्यावर नाही, पण गीतांसाठी हॅरल्ड आर्लेन आणि यिप हारबर्ग यांना आणण्यात त्याचा हात होता, आणि ‘ओव्हर द रेनबो’ने चित्रपट रेंगाळतो म्हणून ते कापायची वेळ आली तेव्हा त्यासाठी भांडणाऱ्यांत तो होता. स्वतः गीतकार असलेल्या निर्मात्याने दुसऱ्याच्या गाण्यासाठी भांडावं, हे आमच्या सृष्टीत तरी मी फारसं ऐकलेलं नाही. मग ‘बेब्स इन आर्म्स’पासून तो रीतसर निर्माता झाला आणि एमजीएमच्या आवारात त्याचं स्वतंत्र बिऱ्हाड उभं राहिलं. ‘फ्रीड युनिट’ म्हणत त्याला. ब्रॉडवेवरून व्हिन्सेंट मिनेली आला. इडन्स आधीपासून होता. वाद्यमेळ रचणारा कॉनरड सॅलिंजर, पटकथा आणि गीतं लिहिणारी बेटी कॉमडेन-अडॉल्फ ग्रीन ही जोडी, केली, स्टॅन्ली डॉनन. फ्रीडला दिग्दर्शन येत नव्हतं, नाच येत नव्हता. कुणाला कुणाशेजारी बसवायचं ते येत होतं.

‘मीट मी इन सेंट लुइस’मधला (१९४४) एक प्रसंग बघा. वडील नोकरीसाठी न्यूयॉर्कला जायचं जाहीर करतात. घर हिरमुसतं, एकेक जण उठून जातं. आई पियानोपाशी बसते, वडील तिच्याशेजारी उभे राहून गाऊ लागतात, आणि गाणं चालू असताना रुसलेली पोरं एकेक करत खाली उतरून केकच्या बश्या घेऊन बसतात. कुणी माफी मागत नाही, कुणी कुणाला मिठी मारत नाही. गाणं फ्रीड-ब्राऊनचं, ‘यू अँड आय’. त्यात वडिलांची भूमिका करणाऱ्या लिओन एम्सचा आवाज त्याचा नाही. तो आर्थर फ्रीडचा आहे. खास गायकाचा गळा नव्हेच तो. न्हाणीघरात गाणाऱ्या कुठल्याही गृहस्थाचा वाटावा असा. त्या जागी हाच आवाज हवा, हे ओळखणारा कान मात्र लाखातला.

‘सिंगिंग इन द रेन’चा जन्म तर उघडउघड हिशेबी. फ्रीडने कॉमडेन आणि ग्रीनपुढे आपली जुनी गाणी टाकली आणि त्यांच्याभोवती गोष्ट विणायला सांगितलं. दोघांनी डोकं खाजवून शेवटी एक सरळ गोष्ट ताडली: गाणी ज्या काळातली, गोष्टही त्याच काळात न्यावी. मूकपट जाऊन बोलपट आला त्या धांदलीची. माइक झुडपात लपवणं, हृदयाची धडधड ध्वनिमुद्रणात येणं, देखण्या नायिकेचा किरटा आवाज, हे सगळं त्या निर्णयातून आलं. निर्मात्याने स्वतःच्या जुन्या गाण्यांचं प्रदर्शन मांडावं, यातून सहसा आत्मगौरवाचा रटाळ सोहळा निघतो. इथे तो निघाला नाही, कारण ज्यांच्या हाती ते सोपवलं त्यांनी धन्याची गाणी देव्हाऱ्यात ठेवली नाहीत, खेळायला घेतली.

तरी या चित्रपटावर एक डाग आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. डोनल्ड ओकॉनरचं ‘मेक एम लाफ’ हे तिथलं नवं गाणं, आणि ते कोल पोर्टरच्या ‘बी अ क्लाऊन’ची उचल आहे. साम्य वगैरे शब्द इथे पोचट पडतात. चाल, मांडणी, कल्पना, सगळं तेच. वर ‘बी अ क्लाऊन’ ज्या ‘द पायरेट’मधलं, तो चित्रपटही फ्रीडचाच, चार वर्षांपूर्वीचा. पोर्टर कोर्टात गेला नाही. ओकॉनर भिंतीवर पळत जाऊन कोलांटी मारतो तेव्हा चोरी विसरायला होते, पण चोरी ती चोरीच.

‘ऑन द टाऊन’मध्ये (१९४९) फ्रीडने लिओनार्ड बर्नस्टाइनची मूळ गाणी मोजकी ठेवून बाकीची काढून टाकली, कारण त्याच्या कानाला ती अवघड होती. त्यांच्या जागी आली ती इडन्सची, सोपी आणि विसरता येण्याजोगी. शिकागोच्या दुकानातला पोरगा इथे जागा होतो. कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नचं प्रकरण याहून वाईट. ‘केबिन इन द स्काय’ (१९४३) हा कृष्णवर्णीय कलाकारांचाच चित्रपट फ्रीडने काढला, मिनेलीला पहिली संधीही तिथेच दिली. पण एरवी एमजीएमच्या चित्रपटांत हॉर्नची गाणी कथेपासून सुटी ठेवत, म्हणजे दक्षिणेतल्या थिएटरांत ती कापली तरी काही बिघडू नये. ‘टिल द क्लाऊड्स रोल बाय’मध्ये तिने ‘शो बोट’मधली ज्यूली छोट्या तुकड्यात साकारली होती, १९५१ मध्ये फ्रीडने ‘शो बोट’ काढला तेव्हा ती भूमिका गोऱ्या एव्हा गार्डनरला गेली, आणि गार्डनरसाठी पडद्यावर आवाजही दुसरीचा वापरला. एकेकाळची बालतारका शर्ली टेंपलने १९८८ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की ती बाराएक वर्षांची असताना फ्रीडने आपल्या कचेरीत तिच्यासमोर अश्लील वर्तन केलं. ते वाचल्यानंतर केकच्या बश्यांचा प्रसंग मला पूर्वीसारखा बघता येत नाही. बघतो, पण तो आवाज कुणाचा आहे हे माहीत असताना.

मानसन्मान त्याला भरपूर मिळाले. ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर, त्यातलं शेवटचं सतरा मिनिटांचं बॅले, ज्यात एक शब्द बोलला जात नाही, एका निर्मात्याने मंजूर करावं हेच नवल. ‘जीजी’ला १९५८ सालासाठी नऊ ऑस्कर. पण तोवर पायाखालची जमीन सरकली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालाने स्टुडिओंना आपली थिएटरं सोडावी लागली. दूरदर्शन संच घराघरांत आले. फ्रीडची कला पगारी माणसांच्या जोरावर चालायची: कायमचा वाद्यवृंद, कायमचे नर्तक, शिंपी, सुतार, तालमीला आठवडेच्या आठवडे. प्रत्येक चित्रपटाला नव्याने माणसं जमवायची वेळ आली तेव्हा तो घाट मोडला. आज ‘ला ला लँड’सारखा (२०१६) चित्रपट त्या रंगांची आठवण काढतो, पण त्यातला नाच बघताना तालमीला मिळालेले महिने आणि न मिळालेली वर्षं दोन्ही दिसतात. जुनी गाणी गोळा करून गोष्ट विणण्याची युक्ती मात्र ‘मामा मिया’पर्यंत धडधाकट पोचली. फ्रीडचा खरा वारसा बहुधा तोच, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानावेत की नाही यावर माझं मत दर रविवारी बदलतं.

मुंबईतल्या धोबी तलावाचं मेट्रो थिएटर एमजीएमने १९३८ मध्ये स्वतः बांधलं, आपलेच चित्रपट लावायला. आता तिथे मल्टिप्लेक्स आहे. इमारत निदान उभी आहे. स्टुडिओ डबघाईला आला तेव्हा एमजीएमच्या संगीत विभागातल्या वाद्यमेळाच्या संहिता, सॅलिंजरचे हाताने लिहिलेले कागद धरून, जागा अडते म्हणून भरावात टाकून देण्यात आल्या. फ्रीड १९७३ मध्ये गेला. पुढे जॉन विल्सन नावाच्या इंग्रज वाद्यवृंद-संचालकाने त्या संहिता परत उभ्या करायला घेतल्या. काही ठिकाणी त्रोटक आराखडे मिळाले, बाकी सगळं चित्रपटाचा ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकून, एकेक वाद्य वेगळं काढत. २००९ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये ते संगीत वाजलं. जिथे संवाद किंवा नाचणाऱ्यांच्या टाचा वाद्यांवर चढतात, तिथे विल्सनला सनईच्या जातीचं वाद्य होतं की व्हायोलिनची खालची तार, हे कानाला विचारूनच ठरवावं लागलं असणार.