ओवणे आणि ओवी : शीला गौडा यांची एक रचना

बंगळुरूच्या शीला गौडा यांच्या ‘अँड टेल हिम ऑफ माय पेन’ (१९९८) या रचनेत स्त्रीदेह कोठेही नाही. सुयांच्या नेढ्यांतून ओवलेले लांबच लांब धागे कुंकवाने माखून त्यांचे दोर केलेले आहेत. टोकाशी सुयांचे झुबके लोंबतात. राजा रविवर्मा यांच्या ‘देअर कम्स पपा’मध्ये (१८९३) माता दिसते, तिचे श्रम दिसत नाहीत; येथे नेमके उलट. कुंकवात सौभाग्य वा रक्त वाचणे सोपे आहे; त्याहून महत्त्वाची ती ओवण्याची कंटाळवाणी पुनरावृत्ती. ‘ओवी’ची व्युत्पत्ती याच क्रियापदाशी जोडली जाते. मात्र जात्यावरची ओवी लेकराचे, भावाचे नाव घेते. या रचनेच्या शीर्षकातला ‘तो’ अनामच राहतो.