अर्ज, आडनाव आणि कायदा

उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावातला पदवीधर मुलगा पुण्या-मुंबईच्या कंपनीस अर्ज पाठवितो. उत्तर येत नाही. दुसरा अर्ज जातो, तिसरा जातो. आणि अखेरीस तो मुलगा व त्याचे आईवडील, आपल्याच शिक्षणात काही उणे असावे, असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष दर वेळी खरा असतो काय? ज्या संशोधनाने हा प्रश्न शास्त्रीय कसोटीस लावला, त्याचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

अमरावती जिल्ह्यात जन्मलेले व मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेला हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. पुढे थोरात व कॅथरिन न्यूमन यांनी संपादिलेल्या ‘ब्लॉक्ड बाय कास्ट’ (२०१०) या ग्रंथात तो समाविष्ट झाला. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी दैनिकांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींस ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता समान, नावे मात्र वेगळी : काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. मुलाखतीचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय नावास १ धरला, तर दलित नावास तो ०.६७ आणि मुस्लिम नावास ०.३३ एवढाच आढळला. अर्जदाराचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. पाहिले होते ते केवळ नाव.

या अभ्यासाचे मोल आम्ही यात मानतो की, त्याने पुराव्याचा भार एकट्या पीडिताच्या खांद्यावरून उतरविला. अमक्या मालकाच्या मनात काय होते, हे कोणास सिद्ध करता येत नाही. हजारो अर्जांची वागणूक मात्र लपत नाही. त्याच ग्रंथात सुरिंदर जोधका व न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती मांडल्या आहेत. त्या अधिकाऱ्यांच्या तोंडी गुणवत्तेची भाषा आहे, आणि तिच्या जोडीला उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ची चौकशीही आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हाची बंदी उघड होती. आजची बंदी सभ्य प्रश्नाच्या आड उभी आहे.

तथापि या संशोधनाच्या मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. जेथे जाहिरात निघते व लेखी अर्ज जातो, तेथेच ही पद्धती चालते. जिनिंग, कृषी केंद्र, अडतीचे दुकान येथील काम ओळखीने मिळते. तेथील भेदभाव या मोजपट्टीत येत नाही. शिवाय हा अभ्यास मुलाखतीच्या दारापाशी थांबतो. नेमणूक, वेतन व बढती यांविषयी तो बोलत नाही. बौद्ध अर्जदाराचा स्वतंत्र गटही त्यात नाही. धर्मांतराने माणसाचे मन मुक्त होते. परंतु अर्जावरील आडनाव वाचणाऱ्याचे मन मुक्त झाले काय, हे पाहावयाचे राहिले आहे.

याहून मोठा प्रश्न परिणामाचा आहे. इंग्लंडात १९६७ साली ‘पोलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग’ या संस्थेने एकाच नोकरीसाठी कृष्णवर्णीय वा आशियाई स्थलांतरित, हंगेरियन आणि इंग्रज अशी माणसे पाठवून अशीच परीक्षा केली होती. पुढच्याच वर्षी, १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरविला. त्यामुळे तेथील वर्णद्वेष संपला असे नव्हे. पण तक्रार नेण्यास एक दार उघडले. आपल्याकडे संविधानाचे सोळावे कलम राज्याच्या सेवेपुरते बोलते. खाजगी उद्योगांनी २००६ नंतर स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. समान संधी आयोगासाठी माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २००८ साली अहवाल दिला. आयोग अस्तित्वात आला नाही.

हा फरक संशोधकांच्या योग्यतेचा नाही. इंग्लंडातील ती पाहणी वंशसंबंध मंडळानेच, अन्य एका संस्थेच्या साथीने, करवून घेतली होती. निष्कर्ष हाती येताच ते कायद्यापर्यंत नेणारे कोणी होते. आपल्याकडे निष्कर्ष नियतकालिकात राहिला आणि आचारसंहिता ज्यांनी पाळावयाची, त्यांच्याच मर्जीवर सोडली गेली. मोजणाऱ्याचे काम झाले. वाहून नेणाऱ्याचे राहिले.

ते काम आता वाचकांचे आहे, असे आम्हांस वाटते. खाजगी भरतीतील भेदभाव बेकायदा ठरावा, आणि मोठ्या उद्योगांनी आपल्या कर्मचाऱ्यांतील सामाजिक प्रमाण दरवर्षी जाहीर करावे, ही मागणी आकडे हाती घेऊनच करावी लागेल. विहारातील अभ्यासवर्गांत हा ग्रंथ मराठीतून समजावून सांगितला जावा, आणि गावोगावच्या मुलांनी आपले अर्ज व त्यांची उत्तरे यांची नोंद ठेवावी. मग ढाणकीच्या त्या मुलाला निदान एवढे कळेल की, उणीव सदैव त्याच्या पदवीत नव्हती.