मान, प्रमाण आणि ताळा

परभणी जिल्ह्यातील चारठाणा येथे प्राचीन मंदिरांच्या परिसरात एक उंच कोरीव स्तंभ आहे. त्यास मानस्तंभ असेही म्हणतात. या नावातील ‘मान’ शब्दाची व्युत्पत्ती ‘मन्’ धातूपासून लावली जाते. मोजमापाचा ‘मान’ मात्र ‘मा’ धातूपासून आलेला आहे. रूप एक, अर्थ दोन. परंतु संदर्भामुळे घोटाळा होत नाही. मोजणीच्या परिभाषेतील ‘प्रमाणीकरण’ या शब्दाविषयी असे म्हणता येत नाही. माप ठरविणे आणि वापरातील साधन त्या मापाशी ताडून पाहणे, या दोन्ही क्रिया त्याच एका शब्दाखाली येतात, आणि दुसरी पहिलीत लोपते.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे 82 तसूंची सांगितली आहे. हात तसूंत बांधून दिल्यामुळे मोजणाऱ्याच्या देहावर माप अवलंबून राहत नाही. व्याख्या म्हणून हे नेमके आहे. परंतु झिजलेली अथवा वाकलेली काठी व्याख्येने सुधारत नाही. 1802 मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभणाऱ्या विल्यम लॅम्टनने (मृत्यू हिंगणघाट, 1823) हा भेद ओळखला होता. त्याने एक पोलादी साखळी जमिनीवर न वापरता केवळ तुलनेसाठी राखून ठेवली.

या भेदाची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. जुन्या मोजणीतील साखळी 33 फुटांची. तिचा चौरस म्हणजे 1 गुंठा. कड्या झिजून ती केवळ 3 इंच वाढली, तर चारठाण्याच्या शिवारातील 4 एकरांचे, म्हणजे 160 गुंठ्यांचे शेत सुमारे 157.6 गुंठेच भरेल. साखळी वाढते, क्षेत्र घटते; आणि कागदावर उतरलेली ही तूट पुढील वाटण्यांतही उतरते. मोजणाऱ्याची सचोटी येथे उपयोगी पडत नाही.

अलीकडे रूढ झालेला ‘अंशांकन’ हा शब्द साधनावरील खुणांकडे लक्ष वेधतो, तुलनेकडे नव्हे. याउलट हिशेबातील ‘ताळा’ हा शब्द शाळकरी मुलासही परिचित आहे: उत्तर आले तरी ते पडताळल्यावाचून ग्राह्य नाही. प्रमाण ठरविणे हे ‘प्रमाणीकरण’ व साधन प्रमाणाशी जुळविणे हा ‘ताळा’, अशी वाटणी केल्यास परिभाषा सुबोध होईल. मुख्य म्हणजे, जी क्रिया स्वतंत्र नावाने ओळखली जाते, ती राहून गेल्यास लक्षात येते.