‘चिनी माल’ : एका शेऱ्याची फेरतपासणी

मार्च २०१९मध्ये बीजिंगच्या एका न्यायालयाने जॅग्वार लँड रोव्हरच्या बाजूने निकाल दिला. ‘लँडविंड एक्स७’ ही चिनी मोटार म्हणजे ‘रेंज रोव्हर इव्होक’ची नक्कल आहे, तिची विक्री थांबवावी आणि भरपाई द्यावी, असा तो निकाल होता. जॅग्वार लँड रोव्हर २००८मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली होती. त्यामुळे मुंबईत मुख्यालय असलेल्या उद्योगसमूहाच्या घरचाच हा दावा होता. दोन्ही गाड्यांतले साम्य रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसावे असे होते. किंमत मात्र मूळ गाडीच्या सुमारे एक तृतीयांश होती.

जून २०२४मध्ये याच जॅग्वार लँड रोव्हरने चेरी या चिनी कंपनीशी नवा करार केला. ‘फ्रीलँडर’ हे जुने ब्रिटिश नाव पुन्हा वापरात येणार होते, पण त्या नावाखालची विजेवरची गाडी चेरीच्या तांत्रिक पायावर उभी राहणार होती. पाच वर्षांत देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा बदलली. आदल्या वर्षी फोक्सवॅगनने एक्सपेंगमध्ये आणि स्टेलांटिसने लीपमोटरमध्ये पैसे गुंतवले, त्यामागेही अशीच गरज होती.

या उलटापालटीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा दोन शेऱ्यांत संपते : चिन्यांनी चोरले, किंवा त्यांच्या सरकारने पैसा ओतला. दोन्हींना पुरावा आहे, पण पुरावा असलेला शेरा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. अलीकडे त्यांच्या जागी ‘चीनने जग जिंकले’ असा तिसरा शेरा येऊ लागला आहे. तोही तितकाच आळशी आहे. तिन्ही तपासून पाहण्यासारखे आहेत.

नक्कल आधी पाहू. २००५मध्ये जर्मनीतील मोटारचालकांच्या एडीएसी या संघटनेने लँडविंडच्याच एका जुन्या गाडीची टक्कर-चाचणी घेतली. तिचे निकाल इतके वाईट होते की युरोपात ‘चिनी गाडी’ हा पुढे कित्येक वर्षे चेष्टेचा विषय झाला. त्याच वर्षी बीवायडीने ‘एफ३’ आणली. तीही टोयोटा कोरोलाची सरळ नक्कल वाटावी अशी होती. २०११मध्ये एका मुलाखतीत बीवायडीचे नाव निघताच इलॉन मस्क हसले. त्या काळच्या गाड्या पाहता ते हसू अगदीच निराधार नव्हते.

चूक झाली ती कुठे पाहायचे यात. बीवायडी ही मुळात मोटार कंपनी नव्हती. वांग चुआनफू यांनी १९९५मध्ये शेंझेनला ती स्थापन केली ती बॅटऱ्या बनवण्यासाठी. मोबाइल फोनच्या बॅटऱ्या विकून ती वाढली आणि २००३मध्ये एक डबघाईला आलेली मोटार कंपनी घेऊन या धंद्यात शिरली. पेट्रोल गाडीत इंजिन हा गाभा असतो आणि त्याचे शंभर वर्षांचे ज्ञान जर्मनी, जपान, अमेरिकेकडे होते. विजेच्या गाडीत किमतीचा सर्वांत मोठा एकेरी भाग बॅटरीचा असतो. जग पत्रा आणि दिवे पाहून हसत होते, तेव्हा पुढच्या गाडीचा गाभा आधीच त्यांच्या हातात होता.

लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची गोष्ट इथे बोलकी आहे. १९९०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने ते पुढे आणले. त्यात महागडे निकेल-कोबाल्ट लागत नाही आणि पेट घेण्याचा धोका कमी असतो, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. म्हणून मोटारींसाठी ते दुय्यम मानले गेले. चिनी कंपन्यांनी रसायन फारसे न बदलता मांडणी बदलली. सेल आधी छोट्या खोक्यांत आणि ती खोकी मोठ्या पेटीत, ही रचना सोडून त्यांनी सेल थेट पेटीत बसवले. २०२०मध्ये आलेली बीवायडीची पात्यांसारख्या लांबट सेलची ‘ब्लेड’ बॅटरी याच विचाराची. वाया जाणारी जागा भरली गेली आणि स्वस्त रसायन लांबच्या पल्ल्याला पुरू लागले. याला नक्कल म्हणता येत नाही. दुसऱ्याने बाजूला ठेवलेली गोष्ट उचलून तिच्यावर वर्षानुवर्षे केलेले हे काम आहे.

मग अनुदान? ते होतेच. २००९पासून २०२२अखेरपर्यंत केंद्र सरकारने खरेदीवर अनुदान दिले. करमाफी होती. शांघायसारख्या शहरात पेट्रोल गाडीच्या नंबरप्लेटसाठी लिलावात मोठी रक्कम मोजावी लागे, ती विजेच्या गाडीला माफ होती. २०१६मध्ये काही कंपन्यांनी न बनवलेल्या गाड्या दाखवून अनुदान लाटल्याचेही तिथल्या अर्थ मंत्रालयाच्या तपासणीत उघड झाले. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४मध्ये नेहमीच्या दहा टक्क्यांवर जादा शुल्क लावले : बीवायडीवर १७, गीलीवर १८.८, सैकवर ३५.३ टक्के. शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लावरही ७.८ टक्के लागले. म्हणजे मदत अमेरिकी कंपनीलाही मिळत होती.

पण पैसा ओतला की गाडी धावते असे असते, तर दुसरी उदाहरणे समजावून सांगावी लागतील. १९८०च्या दशकापासून चीनने परदेशी कंपन्यांना भागीदारीची सक्ती केली, आयात शुल्काची भिंत बांधली, तरी पेट्रोल गाड्यांत तिला जगात नाव मिळाले नाही. उलट अमेरिकेत ए१२३ सिस्टम्स ही याच फॉस्फेट बॅटऱ्यांची कंपनी सरकारी मदत मिळूनही २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली आणि वानश्यांग या चिनी उद्योगसमूहाने ती विकत घेतली. अनुदान दोन्हीकडे होते. चीनमध्ये त्याच्या जोडीला ग्राहक, पुरवठादार आणि दहा वर्षांहून अधिक काळ न बदललेले धोरण होते.

आता तिसरा शेरा. २०२३मध्ये चीन मोटार निर्यातीत जपानच्या पुढे गेला. बीवायडीने २०२४मध्ये सुमारे ४२ लाख ७० हजार गाड्या विकल्या. हे आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण त्या निर्यातीत पेट्रोल गाड्यांचा वाटा मोठा होता आणि बीवायडीच्या गाड्यांपैकी केवळ विजेवर चालणाऱ्या साधारण १७ लाख ६० हजार होत्या. बाकी बहुतेक प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलची टाकी असलेल्या. शिवाय चीनची निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशाची आहे.

आणि स्वस्ताईचा हिशेब कोणाच्या खात्यावर? मे २०२५मध्ये बीवायडीने काही गाड्यांच्या किमती ३४ टक्क्यांपर्यंत उतरवल्या. पुढच्याच महिन्यात सरकारच्या दबावानंतर मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांची देणी ६० दिवसांत चुकती करण्याची हमी दिली. अशी हमी द्यावी लागते, यावरूनच आधी उधारी किती लांबत असेल ते कळते. डिसेंबर २०२४मध्ये ब्राझीलमधील कामासारी येथे बीवायडीच्या कारखान्याच्या बांधकामावर १६३ चिनी मजूर गुलामगिरीसदृश स्थितीत सापडले. ते कंत्राटदाराचे मजूर होते आणि कंपनीने नंतर त्या कंत्राटदाराशी संबंध तोडले. पण स्वस्त गाडीची समीक्षा या मजुरांना वगळून पूर्ण होत नाही. चिनी भाषेत यासाठी ‘नेइजुआन’ असा शब्द चालतो : सगळेच अधिक राबतात आणि कोणीच पुढे जात नाही, अशी आतल्या आत पिळणारी स्पर्धा. आता तिथले सरकारही तिच्याविरुद्ध बोलते.

आपल्याकडच्या तळेगावचे काय झाले तेही पाहायला हवे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना घेण्याचे चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२०मध्ये ठरवले. जूनमध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला आणि त्याच सुमारास गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. शेजारी देशांच्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी आवश्यक झाली होती. ती मिळाली नाही आणि २०२२मध्ये व्यवहार बारगळला. मधल्या काळात, डिसेंबर २०२०मध्ये, तळेगावचे उत्पादन थांबले आणि कामगारांची नोकरी गेली. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला.

सीमेवर रक्त सांडले असताना दार लावणे समजू शकते. पण लावलेले दार म्हणजे धोरण नव्हे. पुण्यातच टाटा ऑटोकॉम्प आणि चिनी गोशन यांची संयुक्त कंपनी बॅटरी पॅक जुळवते. २०२५मध्ये चीनने दुर्मीळ मृदा-धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा बजाजला आकुर्डीच्या ‘चेतक’चे उत्पादन घटवावे लागले. गाडी अडवली, तरी तिचा गाभा आपल्या कारखान्यांत येऊन बसला होताच.

‘चिनी माल’ म्हणून हसणे सोपे होते, आता थक्क होणेही सोपे आहे. दोन्हींमुळे अभ्यास टळतो. बॅटरीचे रसायन आपल्या कोणत्या प्रयोगशाळेत शिकवले जाते, त्यावर दहा वर्षे पैसा कोण लावणार, आणि ते करताना पुरवठादाराची उधारी व मजुराचे हाल यांवाचून गाडी स्वस्त करता येईल का, हे प्रश्न आपले आहेत. त्यांची उत्तरे शेंझेनमध्ये शोधून मिळणार नाहीत. तिथे काय झाले ते मात्र नीट वाचावे लागेल.