गोरोबांचे थापटणे

आठवडी बाजारात मडके घेताना जुनी जाणती बाई पैसे काढण्याआधी त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नाद खणखणीत आला तर मडके आव्यात नीट भाजले आहे. बद्द आला तर ते कच्चे आहे किंवा कुठेतरी चिरलेले आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संत गोरा कुंभारांची, म्हणजे गोरोबाकाकांची, ती प्रसिद्ध आख्यायिका आठवताना आपण या टिचकीपाशी जरा रेंगाळावे, कारण काकांनी टिचकी मारलीच नाही, त्यांनी थापटणे उचलले.

प्रसंग आपल्या सर्वांच्या कानांवरून गेलेला आहे. संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी म्हणून विचारते, आणि मग आमच्यातले कच्चे मडके कोणते ते सांगा, असा लाडिक हट्ट धरते. काका एकेका मस्तकावर थापटणे मारीत जातात. सारे निमूट सोसतात. नामदेव मात्र कळवळतात, संतापतात, आणि त्यांनाच कच्चे ठरवले जाते.

आता त्या अवजाराकडे नीट पाहू. चाकावरून उतरलेले ओले मडके थोडे सुकले की कुंभार आतून दगडी गोटा धरतो आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकत त्याचे पोट वाढवतो, भिंत पातळ आणि एकसारखी करतो. भाजलेल्या मडक्यावर तोच घाव घातला तर त्याची खापरे होतील. म्हणजे पारख म्हणून मारलेला तो फटका मुळात घडवणारा आहे, आणि त्या सबंध मेळ्यात तो लागू पडेल अशी ओली माती एकट्या नामदेवांचीच होती! पुढे परंपरा त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे नेते. त्यांची वाणी थेट पंजाबात पोचते आणि गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे विराजमान होतात. शिवाय ही फजिती आपल्याला सांगतात ते नामदेवांच्याच गाथेतले अभंग. आपला कच्चेपणा कवितेतच जपून ठेवणाऱ्या या कवीच्या मनाचा मोठेपणा मला सगळ्या कथेत सर्वांत गोड वाटतो.

रोजच्या जगण्यात कवितेचे आपल्यावर होणारे काम याहून वेगळे नसते. कीर्तनात, एसटीच्या खिडकीशी, भाकरी थापताना एखादी ओळ अवचित कानी येते आणि कुठेतरी झोंबते. तिथे आपण अजून ओले आहोत, आपले घडणे संपलेले नाही, हा केवढा दिलासा! प्रत्येक ओळीला वाहवा म्हणत मान डोलावणाऱ्या रसिकांची म्हणूनच मला थोडी धास्ती वाटते. ते बहुधा पुरते भाजून निघालेले असावेत.

तेरला तेरणाकाठी गोरोबांची समाधी आहे. चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी. त्याच गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात प्राचीन तगर नगरीची, म्हणजे जुन्या तेरची, मातीची भांडी आणि मृण्मूर्ती मांडलेल्या आहेत. दर्शनाला जाल तेव्हा त्याही पाहा. काकांचे अभंग मात्र विसाच्या आसपासच उरले आहेत. सकलसंतगाथेत ते सापडतील. मनातल्या मनात नको, मोठ्याने वाचा.