आयदर ऑर सर्व्हायव्हर

वर्तमानपत्रांत नाटकांची परीक्षणं येतात, मैफिलींची येतात, हल्ली मिसळीचीही येतात. पण जुन्या सर्व्हरचं परीक्षण काही माझ्या वाचनात आलं नाही. ती उणीव भरून काढण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी तो रोख अठरा हजार मोजून घेतला आहे. फुकट पासावर आलेला समीक्षक मी नव्हे.

निमित्त आईच्या ओव्यांचं. जाण्यापूर्वी तिनं जात्यावरच्या पन्नासेक ओव्या माझ्या मोबाइलमध्ये म्हणून ठेवल्या होत्या. मोबाइलचा काय भरवसा? बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटणारच, की मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये हवी. म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदार म्हणाला, "साहेब, कंपनीतला माल आहे. सात वर्षं चोवीस तास चालू होता." आमच्याकडे अशा माणसाला नारळ देतात, इथं मी पैसे दिले.

प्रथम रूप. रुंदी एकोणीस इंच, उंची पावणेदोन इंच आणि लांबी कुठल्याही कपाटात न मावणारी. शेवटी स्वारी दिवाणाखाली गेली. उंचीच एवढी, त्यामुळे आतले पंखे अवघे 40 मिलिमीटरचे. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायचा तर जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं.

आता गायन. आपल्याकडे मैफल विलंबितात सुरू होऊन द्रुतात जाते. हा गवई बटण दाबताच थेट द्रुत तानेत सुटतो आणि मग सावकाश खाली येतो. पण गप्प म्हणून बसत नाही. पहिल्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, घरघंटी घेतली असतीत तर पीठ तरी मिळालं असतं!"

आता हिशेब. मीटर लावून पाहिला. काही काम नसताना 150 वॉट. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे 108 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी महिना 1,080. सतराव्या महिन्यात वीजबिल यंत्राच्या किमतीला मागे टाकतं. स्वस्तात हत्ती मिळाला, तरी ऊस विकतच आणावा लागतो.

तरी खरी मोहिनी घातली ती 'रेड'नं. 1988 साली अमेरिकेत बर्कलीच्या तीन संशोधकांनी ही कल्पना मांडली, तेव्हा नावातल्या 'आय'चा अर्थ होता 'स्वस्त' डिस्का. पुढं धंदेवाल्यांनी तो 'स्वतंत्र' करून घेतला. स्वस्त म्हणून जास्त भाव कसा लावणार? माझ्याकडे दोन डिस्का, दोन्हींवर तोच मजकूर. एक गेली तरी दुसरी आहेच. मी ओळखलं, हे तर आमचं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खातं! एक खातेदार वारला तरी पैसे सुरक्षित. मी निर्धास्त झालो आणि मोबाइलमधल्या ओव्या पुसून टाकल्या.

पण अशा खात्यातून एकानं हयातीतच सगळी रक्कम काढली तर दुसऱ्याला काय मिळतं? मी रोज काउंटरवर लोकांना हेच समजावतो. एका रविवारी साफसफाई करताना माझ्याच बोटानं ओव्यांचा अख्खा फोल्डर पुसला गेला. दोन्ही डिस्कांनी आज्ञाधारकपणे, त्याच क्षणी. 'रेड' डिस्क मरण्यापासून वाचवतो; मालकापासून नाही.

दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून ताईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, दिवाळीत तू मला पेनड्राइव्ह भरून दिला होतास ना? तांदळाच्या डब्यात आहे."

तर निर्णय असा. शिकायला, खटपट करायला जुना सर्व्हर उत्तम. हौस असेल तर जरूर घ्या. घेण्यापूर्वी फक्त विजेचं बिल आणि बायकोची झोप यांचा विचार करा. पण जपायची वस्तू एकाच छपराखाली ठेवू नका. आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत. एक छोट्या कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक साताऱ्याला, तांदळात.

सर्व्हर दिवाणाखालीच आहे, बंद. घर शांत असतं. रात्री कधी आईच्या ओव्या लावतो, तेव्हा मागं जात्याची घरघर ऐकू येते. त्या आवाजाबद्दल सौ.ची काही तक्रार नाही.