पिसे आणि पित्त : तंजावूरच्या बहुभाषिक परंपरेतील वेडाची नावे

मराठीतील 'पिसा' हा शब्द संस्कृतातील 'पिशाच' या शब्दापासून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. तमिळमधील 'पित्तु' (वेड), 'पित्तन्' (वेडा) आणि रोजच्या बोलण्यातील 'पैत्तियम्' या शब्दांचे मूळ 'पित्त' या शब्दात शोधले जाते. एका भाषेने वेडाचे नाव भूतविद्येकडून घेतले, दुसरीने ते त्रिदोषांच्या शास्त्राकडून घेतले. या दोन भाषा ज्या नगरीत १६७६च्या सुमारास एका दरबारात एकत्र आल्या आणि १८५५मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत तेलुगू आणि संस्कृत यांच्या सोबतीने नांदल्या, त्या तंजावूरच्या संदर्भात हा भेद तपासून पाहणे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

या भेदावरून मराठी मन भुताखेतांत रमलेले आणि तमिळ मन वैद्यकनिष्ठ, असा निष्कर्ष काढणे मात्र उथळपणाचे होईल. तमिळमध्ये 'पेय्' म्हणजे पिशाच, आणि पेय् धरलेला माणूस तेथेही ओळखीचा आहे. मराठीतही पित्त आहेच. फक्त ते 'खवळते' तेव्हा माणूस संतापतो, वेडा होत नाही. दोन्ही भाषांपाशी दोन्ही स्पष्टीकरणे होती. म्हणून विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : वेडाचे नाव बदलले की त्याच्या दोषाचा धनी कोण ठरतो? भूत म्हटले की दोष बाहेरच्याचा, पित्त म्हटले की शरीराचा, कर्म म्हटले की त्या माणसाचा स्वतःचा. मनोविकाराला चिकटलेला कलंक समजून घ्यावयाचा तर या दोषवाटपाकडे पाहावे लागते, आणि त्याचे पुरावे वैद्यकग्रंथांइतकेच काव्यनाटकांतही सापडतात.

प्रथम वैद्यक. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त, कफ आणि सन्निपात यांपासून होणारे चार आणि बाहेरून येणारा 'आगंतु' हा पाचवा. सुश्रुताने या मांडणीत मनोदुःखाला कारण म्हणून स्वतंत्र स्थान दिले. शोकाने माणसाचे चित्त ढळू शकते, ही गोष्ट येथे शास्त्राने मान्य केली आहे. चरकाच्या निदानस्थानात याहूनही धीट विधान येते. देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस हे कोणालाही आपणहून पीडा देत नाहीत. माणसाने स्वतःच्या प्रज्ञापराधाचे खापर त्यांच्यावर फोडू नये, असे तेथे प्रतिपादिले आहे. आधुनिक वाचकाला हे विवेकवादी वाटते आणि एका अर्थाने ते तसे आहेही. परंतु त्याची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. पिशाचाची सुटका झाली आणि रुग्ण आरोपी ठरला. 'याला भूत लागले आहे' या वाक्यात जी थोडी करुणा शिल्लक होती, ती 'याने आपल्या हाताने ओढवून घेतले' या वाक्यात उरत नाही.

ही वैद्यकपरंपरा तंजावूरच्या भोसले राजांना परकी नव्हती. तुळजा राजाच्या (कारकीर्द १७२८–१७३६) नावावर वैद्यकविषयक ग्रंथ आहेत. दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८–१८३२) 'धन्वंतरी महाल' ही औषधशाळा चालवली. तेथे माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत. अनुभवास उतरलेले उपचार त्याने तमिळ पद्यात बांधून घेतले, नेत्ररुग्णांची टिपणे ठेवविली आणि सरस्वती महालाचा संग्रह वाढविला. हा राजा रोगाकडे नोंद करण्याजोगी वस्तुस्थिती म्हणून पाहणारा होता. डोळ्यातील मोतीबिंदूकडे असे निर्विकारपणे पाहणे सोपे असते. चित्तभ्रमाकडे तसे पाहणे कोणत्याच समाजाला सहज जमलेले नाही. त्यासाठी दरबारी नाट्याकडे वळावे लागते.

कुरवंजी हा नाट्यप्रकार येथे विशेष लक्षणीय ठरतो. त्याचा साचा ठरलेला आहे. मिरवणुकीतील देवाला वा राजाला पाहून नायिका प्रेमविव्हल होते, चंद्राला आणि मन्मथाला दूषणे देते, अन्नपाण्याकडे तिचे लक्ष राहत नाही. मग डोंगराळ मुलखातील भटकी कुरत्ती येते, तिचा हात पाहते, तिच्या मनातील पुरुषाचे नाव सांगते आणि मीलनाचे भाकीत करते. सरफोजीच्या गौरवार्थ शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' ही तमिळ कृती याच साच्यातील असून ती बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होत असे. साहित्यशास्त्राने विरहाच्या ज्या दहा अवस्था मानल्या, त्यांत उन्माद आणि व्याधी येतात. म्हणजे या नायिकेचा आजार शास्त्रसंमत आहे. त्याला नाव आहे, क्रम आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचा शेवट ठरलेला आहे.

कुरत्तीची पूर्वज संघकालीन 'अहम्' काव्यात सापडते. तेथे प्रेमात पडलेली मुलगी खंगू लागते. आई घाबरते, धान्याचे दाणे टाकून भविष्य सांगणाऱ्या कट्टुविच्चीला विचारते आणि मुरुगन देवाने मुलीला धरले असे समजून त्याच्या पुजाऱ्याला, वेलनला, बोलावते. वेलन अंगात आणून नाचतो. 'वेरियाट्टु' म्हणतात तो हाच विधी. मुलीच्या मैत्रिणीला मात्र खरे कारण ठाऊक असते. वाचकही तिच्या बाजूला उभा असतो. चुकीचे निदान हाच येथे काव्याचा विषय झाला आहे. अंगात येण्याच्या विधीकडे अंतर ठेवून, किंचित हसून पाहण्याची ही दृष्टी तमिळ काव्याला फार लवकर लाभली. विधी खोटा आहे असे कवी म्हणत नाही. तो या मुलीच्या दुःखाला लागू नाही, एवढेच तो दाखवितो. 'या व्यक्तीला नेमके काय होते आहे?' हा प्रश्न विधीच्या आधी विचारला पाहिजे, हे त्यात सूचित आहे.

कुरवंजीत मात्र हा उपरोध ओसरतो, आणि त्याच्या जागी एक सामाजिक भेद उघड होतो. कुरत्तीला शोधीत तिचा नवरा सिंगन येतो. बायकोच्या विरहाने तोही कासावीस असतो. परंतु त्याची तगमग प्रेक्षकांना हसविण्यासाठी असते. राजघरच्या नायिकेचा उन्माद शृंगार ठरतो, पारध्याचा उन्माद विनोद ठरतो. लक्षणे तीच, रस वेगळा. शहाजी राजाच्या (कारकीर्द १६८४पासून) 'सतीदानशूरमु' या तेलुगू प्रहसनात हीच रेषा उलट्या बाजूने ओलांडली जाते. मन्नारगुडीच्या उत्सवात मोरोभट्लु हा ब्राह्मण गुरू अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील विवाहितेवर भुलतो आणि त्याला आवरण्याचे काम शिष्यावर येते. शास्त्र पढलेल्या माणसाचा तोल जातो, आणि दरबार हसतो. वेड कोणाचे, यावर ते हसण्याचे की हळहळण्याचे हे ठरते, ही गोष्ट तंजावूरच्या रंगभूमीने जाणून-बुजून वा नकळत नोंदवून ठेवली आहे. स्वतः सरफोजीने मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' रचली तेव्हा कुरत्तीकडून हात पाहण्याऐवजी भूगोल वदवून घेतला. जगाचे ज्ञान सांगण्यासाठी त्याने भविष्यवादिनीचाच आवाज निवडला, हे त्या आवाजाच्या लोकमान्यतेचेच गमक आहे.

वेडाला सर्वांत मोठी प्रतिष्ठा दिली ती भक्तीने. सुंदरर याने आपल्या पहिल्याच पदात शिवाला वेडा म्हणून हाक मारली आणि 'पित्तन्' हे देवाचे नाव होऊन बसले. कारैक्काल अम्मैयार हिने स्वतःला पेय् म्हणवून घेतले. तिचे गाव तंजावूरपासून दूर नाही. मराठी संतांनीही 'पिसे' या शब्दाला असेच उलटे करून घेतले. लोक ज्याला पिसा म्हणतात तो खरा शहाणा, ही मांडणी वारकरी पदांतून सर्वपरिचित आहे. 'पिशाच' आणि 'पित्त' या दोन दूरच्या मुळांपासून निघालेले शब्द भक्तीच्या एकाच स्थानी येऊन पोहोचतात, हा तौलनिक दृष्ट्या मोलाचा निष्कर्ष आहे. तथापि समीक्षेने येथे सावध राहिले पाहिजे. संताचे वेड हे उसने घेतलेले नाव आहे. निंदेचा शब्द अंगावर ओढून घेण्यात जे धैर्य दिसते, ते त्या शब्दात निंदा जिवंत असते म्हणूनच दिसते. ज्याला ते नाव निवडण्याची मोकळीक नव्हती, त्या खऱ्याखुऱ्या भ्रमिष्टाला या गौरवातून काही मिळाले असे म्हणता येत नाही. त्याचे स्वतःचे शब्द या परंपरेत जवळजवळ नाहीतच.

समर्थ संप्रदायाचे मठ तंजावूर आणि मन्नारगुडीच्या परिसरात रुजले, आणि त्यांच्याबरोबर 'मनाचे श्लोक' कावेरीकाठी पोहोचले. दोनशेपाच श्लोकांत मनाला समोर बसवून त्याच्याशी केलेला हा संवाद आहे. मनाला शत्रू न मानता सज्जन मानून समजाविण्याची ही रीत मराठीचे एक थोर संचित आहे. परंतु या रीतीत एक गृहीतक दडलेले आहे : मन ऐकते. समजावले की ते वळते. विषण्णतेच्या खोल विकारात नेमकी हीच शक्ती हरपलेली असते. मग 'मन घट्ट कर', 'विचार करू नकोस' हा उपदेश रुग्णापर्यंत दोषारोप होऊन पोहोचतो, आणि चरकाचा प्रज्ञापराध घरगुती भाषेत पुन्हा उभा राहतो. हा दोष समर्थांचा नव्हे. साधकासाठी लिहिलेला ग्रंथ रुग्णाच्या हाती औषध म्हणून देणाऱ्या वाचनपद्धतीचा तो दोष आहे.

साहित्याबाहेर या नावांचे काय झाले, हे क्षेत्रांच्या कथांत दिसते. कुंभकोणमजवळील तिरुविडैमरुदूरच्या मंदिराची कथा प्रसिद्ध आहे. वरगुण पांड्याच्या मागे ब्रह्महत्या लागली. तो पूर्वेच्या दाराने आत गेला, ती दाराशीच थांबली, आणि तो दुसऱ्या दाराने मोकळा होऊन बाहेर पडला. नकळत घडलेल्या हत्येच्या ओझ्याने पछाडलेल्या मनाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. अपराधभाव येथे देहाबाहेर उभा केला आहे, म्हणून त्याला मागे ठेवता येते. तिरुचिरापल्लीजवळच्या गुणशीलम् येथे मनोरुग्णांना अठ्ठेचाळीस दिवस ठेवण्याची प्रथा आहे. गाणगापूरला आरतीच्या वेळी झपाटलेली माणसे खांबांवर चढतात. २००२मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणांत उतार दिसला आणि त्याचे श्रेय संशोधकांनी तेथील आधार देणाऱ्या, धाक नसलेल्या वातावरणाला दिले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, रामनाथपुरम जिल्ह्यातील एर्वाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासगृहाला आग लागून २८ मनोरुग्ण मरण पावले. साखळदंडांमुळे त्यांना पळता आले नाही. क्षेत्राचा आसरा आणि क्षेत्राची साखळी यांतील अंतर एवढे थोडे आहे.

कायद्याने आपली भाषा क्रमाने बदलली. १९१२च्या कायद्यातील 'ल्युनसी' हा शब्द १९८७च्या कायद्याने काढून टाकला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा गुन्हा ठरविला. परंतु नाव बदलल्याने दोषाचा धनी आपोआप बदलत नाही, हे तंजावूरच्या परंपरेवरून दिसून येते. 'पिसा' गेला आणि 'मनोरुग्ण' आला, तरी घरातले माणूस पाहुण्यांपासून लपविण्याची रीत कायम राहू शकते.

या परंपरेत जे टिकवण्याजोगे आहे ते वेडाच्या गौरवात नाही आणि केवळ वैद्यकीय नामकरणातही नाही. ते अहम् काव्यातील मैत्रिणीच्या भूमिकेत आहे. आई घाबरलेली असते, पुजारी नाचत असतो, आणि मैत्रीण तेवढी त्या मुलीला ओळखत असते. सुश्रुताने मनोदुःखाला कारणांच्या यादीत जागा दिली, ती याच ओळखीची शास्त्रीय नोंद होय. संतांच्या पिशावर मराठी समीक्षेने विपुल लिहिले आहे. ज्याला पिसा म्हटले गेले त्याच्या मौनाचे वाचन अद्याप बाकी आहे. त्यासाठी तमिळ आणि तेलुगू ग्रंथ शेजारी उघडे ठेवावे लागतील, कारण मराठीला स्वतःच्या शब्दाची जी सवय झाली आहे, ती दुसऱ्या भाषेच्या शब्दासमोरच उघडी पडते.